उंची चार सेंटीमीटरने वाढवणारे सेंटर

पुरुषाच्या अंगातले टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन कमी झाले की स्नायू झडतात आणि चरबी वाढते, हे खरे आहे. ते खरे नसते तर ते वाढवून देतो म्हणणाऱ्या सेंटरांच्या दारात आम्ही इतके जण गेलोच नसतो. अलीकडे गोव्यात जिमला लागून 'मेन्स हेल्थ', 'हार्मोन अँड फिटनेस' अशा पाट्या दिसतात. सगळेच लबाड आहेत असे माझे म्हणणे नाही. मी गेलो त्या सेंटरचे नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पद्धत मात्र सगळी लिहितो. डिचोली, साखळी, फोंडा भागातल्या आणखी काही जणांकडून हीच कथा ऐकली, फक्त रकमा वेगवेगळ्या होत्या.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतो. वय एक्केचाळीस. दोन-तीन वर्षांत पोट पुढे आले आणि दंड बारीक झाले. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरचे फळा-पानांचे छत, बांधताना हात वर धरून ठेवणे जड जाऊ लागले, तेव्हा बायको म्हणाली, एकदा कुणाला तरी दाखवून या. मी दाखवायला जाण्याआधीच वसाहतीच्या रस्त्यावर त्यांचा 'मोफत पुरुष आरोग्य तपासणी'चा मंडप लागला.

मंडपात आधी दहा प्रश्नांचा कागद देतात. ही प्रश्नावली बनावट नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉक्टरांनी ती २००० साली प्रसिद्ध केली आणि ती जगभर वापरली जाते. पण ती फक्त चाळणी आहे, आणि तिची भोके इतकी बारीक की जवळजवळ सगळेच अडकतात. उत्साह कमी झाला का? चिडचिड होते का? ताकद कमी वाटते का? जेवल्यावर झोप लागते का? शीत-कडी आणि तळलेला बांगडा खाऊन ज्याच्या पापण्या जड होत नाहीत असा गोंयकार मला दाखवा. आमच्या शिफ्टमधल्या एकालाही 'तुम्ही ठीक आहात' असा निकाल मिळाला नाही.

मग रक्त. माझे रक्त संध्याकाळी साडेपाचला घेतले, नाइट शिफ्टच्या आठवड्यात, दुपारचे जेवण पोटात असताना. तेव्हा यात काही वावगे वाटायचे कारण नव्हते. आता सांगतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवसभर उतरत जाते. जेवणानंतरही ते घसरते, अपुऱ्या झोपेने घसरते, ताप-आजारात घसरते. म्हणून ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा करायची, असा जगभरचा नियम आहे. अमेरिकेतल्या यूरॉलॉजिस्टांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही खालची रेघ मानते, तीसुद्धा सकाळच्या दोन नमुन्यांवर, आणि सोबत लक्षणे असतील तरच. माझा संध्याकाळचा एकच आकडा आला २५४. रिपोर्ट बऱ्यापैकी लॅबचा होता, आकड्यात कुणी खाडाखोड केली नव्हती. त्यांना त्याची गरजच नव्हती. वेळ निवडली की पुरे.

पांढरा कोट घातलेला तरुण समोर बसला. त्याने २५४ भोवती लाल गोल काढला. "सर, कागदावर तुम्ही एक्केचाळीसचे आहात, पण बॉडी पासष्टची आहे. मसल रोज थोडा थोडा जळतोय, त्याच्या जागी फॅट बसतंय. आज थांबवलं नाही तर नंतर रिव्हर्स होत नाही." हा डॉक्टर नव्हता. त्याच्या कार्डावर 'हार्मोन कोच' होते. डॉक्टरांचे नाव भिंतीवर फ्रेममध्ये होते, नोंदणी क्रमांकाशिवाय, आणि ते गृहस्थ शेवटपर्यंत कुणाला भेटले नाहीत. तीन महिन्यांचे पॅकेज ५४,००० रुपये. टॅब्लेटवर दोन ठिकाणी बोट टेकवले, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला आणि हप्ते चालू. ते कर्ज होते आणि एका वित्त कंपनीकडे माझ्या नावावर चढले होते, हे पहिला हप्ता कापला गेला तेव्हा कळले. सेंटरला पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी मिळाली होती.

पॅकेजमध्ये वनस्पतींच्या कॅप्सूल, एक पावडर, आहाराचा तक्ता आणि 'बी-१२ बूस्टर' नावाचे इंजेक्शन. शरीरातली चरबी मोजणारे मशीनही होते. अनवाणी उभे राहायचे, दोन्ही हातांत दांड्या धरायच्या, मिनिटभरात स्लिप छापून येते.

पहिल्या महिन्यात मला बरे वाटले. दंड भरले, कामावर तरतरी आली, पाठीवर पुटकुळ्या उठल्या, चेहरा लाल दिसू लागला. कोच म्हणाला, "ही यूथची लक्षणं." आमच्यासोबत आलेले दोघे तर इतके खूष की त्यांनी भावांनाही आणले. त्यामुळेच हा प्रकार पकडता येत नाही. नुसती पिठाची गोळी दिली असती तर महिन्यात बोभाटा झाला असता.

पकडले ते माझ्या मामेभावाने. साखळीला त्याची फार्मसी आहे. बोलता बोलता मी म्हटले, बी-१२ चे इंजेक्शन फार दुखते, जाड आणि तेलकट असते, पिवळसर. तो म्हणाला, "बी-१२ लाल असतं रे, लालभडक. आणि पाण्यासारखं पातळ. तुला तेलातलं काय टोचतायत?" पुढच्या वेळी सिस्टर फोनवर असताना मी रिकामी कुपी खिशात टाकली. तिच्यावरचे लेबल खरवडून काढलेले होते. त्यानंतर मी तिथे टोचून घेतले नाही. मामेभावानेच मला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पाठवले.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी कुपी पाहिली, पण त्यांचा भर रक्तावर होता. टेस्टोस्टेरॉन वरच्या मर्यादेच्याही पलीकडे गेलेले. एलएच जवळजवळ शून्य. एलएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून निघणारे हार्मोन. ते वृषणांना 'टेस्टोस्टेरॉन तयार करा' असा निरोप देते. बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आले की मेंदू हा निरोप पाठवणे बंद करतो. म्हणजे अंगात इतके टेस्टोस्टेरॉन आणि एलएच शून्य, याचा अर्थ ते बाहेरून टोचले गेले होते. कुपीवर लेबल असो वा नसो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण, ५५ टक्के. ५४ च्या वर गेले तर टेस्टोस्टेरॉन थांबवतात, कारण रक्त दाट होऊन गुठळ्यांचा धोका असतो. चेहऱ्यावरची 'यूथची' लाली बहुधा हीच.

मग त्यांनी विचारले, "मुलं किती?" एक मुलगी आहे, दुसऱ्यासाठी आम्ही प्रयत्न करत होतो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. एलएचसोबत त्याच ग्रंथीतले एफएसएच हे दुसरे हार्मोनही बंद होते आणि शुक्राणू तयार होणे थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची साप्ताहिक इंजेक्शने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिली होती आणि १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुसंख्य पुरुषांत शुक्राणू पूर्ण बंद झाले होते. म्हणजे मूल हवे म्हणून बसलेल्या माणसाला हे लोक गर्भनिरोधक टोचत होते, हप्त्यांवर. थांबवल्यावर बहुतेकांचे पूर्ववत होते, पण महिने लागतात. आमचे लागले. ते महिने घरात कसे गेले ते इथे लिहीत नाही.

आता त्या स्लिपांबद्दल. मॅडमनी दोन्ही स्लिपा शेजारी ठेवल्या. पहिलीत चरबी ३४ टक्के, दुसरीत २६. मी तेच पाहत होतो. त्यांचे बोट वरच्या ओळीवर गेले. पहिल्या स्लिपवर माझी उंची १६८ सेंटीमीटर, दुसऱ्या स्लिपवर १७२. त्याशिवाय दुसरीवर 'अ‍ॅथलीट' असे छापलेले. हे मशीन चरबी पाहत नाही. अंगातून सूक्ष्म वीज सोडून विरोध मोजते आणि उंची, वय, लिंग, वजन घालून सूत्राने अंदाज काढते. उंची वाढवून टाकली की स्नायू वाढलेले दिसतात. अ‍ॅथलीटचा पर्याय निवडला की चरबी आणखी उतरते. टेस्टोस्टेरॉनने अंगात पाणी साठते, तेही हे मशीन स्नायूंच्या बाजूलाच धरते. माझ्यासोबतच्या दोघांच्या स्लिपा नंतर पाहिल्या. एकाची उंची तीन सेंटीमीटरने वाढली होती, दुसऱ्याचे वय सात वर्षांनी कमी झाले होते.

या हार्मोनचे स्नायूंशी आणि चरबीशी खरे नाते काय, हे मी नंतर मॅडमकडून आणि वाचून समजून घेतले. टेस्टोस्टेरॉन स्नायूंमध्ये प्रथिने बांधायला लावते आणि काही मूळ पेशींना चरबीऐवजी स्नायूंच्या वाटेला वळवते. ते गेले तर काय होते हे प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांत स्पष्ट दिसते. त्यांचे टेस्टोस्टेरॉन औषधाने मुद्दाम बंद करतात, आणि वर्षभरात चरबी सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, स्नायू अडीच-तीन टक्क्यांनी घटतात. २०१३ साली अमेरिकेत निरोगी पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. स्नायूंचा आकार आणि ताकद टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेने घटली, पण चरबी वाढण्यामागे मुख्यतः इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची कमतरता होती. पुरुषांतही थोडे इस्ट्रोजेन लागते आणि ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनते. कोचने मात्र 'इस्ट्रोजेन ब्लॉकर' म्हणून वेगळी कॅप्सूल दिली होती, ४,२०० रुपयांची.

ज्याचे टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे, म्हणजे वृषणे किंवा पिट्यूटरीचा आजार आहे, त्याला उपचार लागतो आणि तो जरूर घ्यावा. पण तिथेही चमत्कार नसतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर चरबी सरासरी दीड-दोन किलोने कमी होते आणि साधारण तितकेच स्नायू वाढतात, वजनाचा काटा जागेवरच राहतो. 'बारा किलो फॅट लॉस' ज्या फलकावर लिहिले आहे तिथून चालते व्हा.

आणि आमच्यासारख्या बहुसंख्यांची गोष्ट उलट्या दिशेची असते. आधी पोट वाढते, मग आकडा खाली येतो. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. शिवाय लठ्ठपणात आणि इन्शुलिन नीट काम करत नसेल तर रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे एसएचबीजी नावाचे प्रथिन कमी होते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण पेशींना मिळणारे टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते. म्हणून एसएचबीजी आणि एलएच न तपासता इंजेक्शनची शिफारस करणाऱ्याला मी तरी डॉक्टर मानणार नाही. वजन उतरले की आकडा आपोआप वर सरकतो.

सगळे औषध अंगातून निघून गेल्यावर सकाळी उपाशीपोटी दोनदा तपासले. ४१० आणि ३८५. नॉर्मल. उपाशीपोटीची साखर मात्र १३८. १२६ किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह. हे मला सर्वांत जास्त लागले. भारतभर केलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सर्वेक्षणात, २०२३ साली जे प्रसिद्ध झाले, मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. पोट सुटलेला, थकलेला, चाळिशीचा गोंयकार समोर बसलाय, आणि ५४,००० रुपयांच्या पॅकेजमध्ये शे-दीडशे रुपयांची साखरेची तपासणी नाही. केली असती तर माणूस सरळ डॉक्टरकडे गेला असता.

तक्रारीचे सांगतो, कारण बरेच जण लाजेने गप्प बसतात. या विषयात ती लाजच त्यांचे भांडवल असते. सेंटरने आधी फोन घेतले, मग 'संमतिपत्रावर सही आहे' म्हणाले. संमतिपत्रावर 'व्हिटॅमिन थेरपी' छापलेले होते, त्याचा फोटो मी काढून ठेवला. टेस्टोस्टेरॉन अनुसूची एचमधले औषध आहे, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. कॅप्सूलच्या डब्यावर एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक होता, म्हणजे ते अन्न-पूरक, आणि अन्न-पूरकात हार्मोन किंवा स्टेरॉइड घालायला मनाई आहे. लठ्ठपणा बरा करतो किंवा लैंगिक शक्ती वाढवतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे, आणि त्यांच्या फलकावर दोन्ही होते. हे सगळे लिहून, कुपी सीलबंद पाकिटात घालून, बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे दिले. कुपी धुऊ नका, फेकू नका. स्लिपा उन्हात ठेवू नका, त्यांची शाई उडते. झेरॉक्स काढा.

पैशासाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि मग उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत जावे लागते. वित्त कंपनीलाही पक्षकार केले आहे, कारण सेंटर बंद करून नव्या नावाने उघडणे सोपे असते. आमच्या सेंटरची पाटी बदललीच. जागा तीच आहे, मशीनही तेच. सोबतच्या दोघांपैकी एकाने माझ्यासोबत अर्ज केला, दुसरा अजून म्हणतो की त्याला फरक पडला होता. त्याने अजून हिमॅटोक्रिट तपासलेले नाही.