व्हायोलिन बेस: ऑर्केस्ट्रासाठी घ्यावा, वरातीसाठी नको

व्हायोलिन बेस म्हणजे व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार. हा बेस हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा हलकेपणा. अंग पोकळ, वरची फळी स्प्रूसची, मागची आणि कडेची मेपलची. भरीव लाकडाचा बेस साधारण चार किलोचा असतो. हा त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो, त्यामुळे चार तासांच्या कार्यक्रमात खांदा भरून येत नाही. स्वस्त प्रतींत मात्र मान खाली झुकते. आतून खरबरीत, रुंद कातडी पट्टा लावला तर ती बऱ्यापैकी सावरते.

मूळ वाद्य जर्मनीतल्या होफनर कंपनीचं, मॉडेल ५००/१, १९५६ सालचं. कंपनी १८८७ मध्ये श्योनबाख गावात सुरू झाली. हे गाव आज चेक देशात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनभाषक वाद्यकारांना घरदार सोडावं लागलं आणि बरेच जण बव्हेरियात एर्लांगेनजवळच्या बुबेनरॉयट या लहानशा गावी वसले. पुढे बीटल्स बँडच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला हा बेस घेतला. १९६२ च्या एप्रिलमध्ये तिथे स्टार-क्लब हा संगीताचा अड्डा उघडला, १९६५ च्या सप्टेंबरात टीव्हीवर 'बीट-क्लब' हा गाण्यांचा कार्यक्रम आला, आणि जर्मनीच्या लहान लहान गावांत पोरांनी बँड काढले. दोन गिटार, एक बेस, एक ड्रमसेट. दिवसा कामधंदा, संध्याकाळी सराव, शनिवारी गावातल्या खानावळीच्या हॉलमध्ये नाच. इंग्रजी गाणी रेडिओ आणि तबकड्यांवरून ऐकून बसवायची. ॲम्प पंधरा-तीस वॉटचे, कधी त्याच ॲम्पमधून गाणाऱ्याचा माइकही. हा बेस अशा हॉलच्या मापाचा आहे, आणि त्याचे गुण-दोष तिथूनच समजून घ्यावे लागतात.

तारेची लांबी, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचं (अंगावरचा तारांचा आधार) अंतर, ३० इंच. नेहमीच्या बेसवर ते ३४ इंच असतं. म्हणून बोटं कमी ताणावी लागतात, गिटारवरून बेसकडे वळणाऱ्याला हात लगेच बसतो. तार छेडल्यावर आवाज गोल उठतो आणि लवकर विरतो. अहिराणी लग्नगीतांच्या जलद ठेक्यात हे फार कामाचं आहे, कारण एक सूर दुसऱ्यावर चढत नाही आणि ढोलकीला जागा उरते. संथ भावगीतात मात्र लांबवलेला सूर मध्येच संपतो. तिथे ३४ इंची बेसच हवा.

तारा चपट्या गुंडाळीच्या, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या (फ्लॅटवाउंड), लावा. गोल गुंडाळीच्या तारांनी आवाज करकरीत होतो आणि या वाद्याची ओळखच जाते. विकत घेताना बहुतेकांची चूक इथेच होते. पाकिटावर 'शॉर्ट स्केल', म्हणजे आखूड मापाची, असं लिहिलेलं असलं तरी ती तार इथे बसेलच असं नाही, कारण मागची लोंबती टेलपीस (जिच्यात तारांची टोकं अडकवतात) आणखी लांबी खाते. टेलपीसच्या खाचेपासून नटपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तारेची पूर्ण जाडी नटच्या पुढेपर्यंत पोचते का, ते दुकानदाराला विचारा. जाडी आधीच संपली तर नटवर फक्त बारीक टोक येतं, सूर पोकळ लागतो आणि तार तुटते.

ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकतो आणि वाद्य बेसूर होतं. एकेक तार बदला, पायांशी पेन्सिलची बारीक खूण ठेवा. तरी सरकलाच तर बाराव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर, आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे, उतरता आला तर मानेकडे, केसभर सरकवा.

खान्देशात या वाद्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कोरड्या हवेत पोकळ लाकूड आकसतं, वरची फळी किंचित बसते, तारा फ्रेटला लागून खरखरतात आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. श्रावणात नेमकं उलट होतं, फळी फुगते आणि तारा वर उठतात. ब्रिजच्या दोन्ही बाजूंचे चाकस्क्रू म्हणूनच असतात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर जागा ठेवा. उन्हात उभ्या टेम्पोत वाद्य ठेवू नका, सरस मऊ पडून मान पुढे झुकते आणि ती दुरुस्ती महागात पडते. आणि कूलरच्या झोतासमोर तर कधीच नको. बाहेर कोरडी हवा, खोलीत ओला झोत, या हेलकाव्याने जोड उकलतात.

वरातीला हा बेस का नको? गाडीवर स्पीकरच्या समोर उभं राहिलं की पोकळ अंग घुमू लागतं आणि आवाज हूंऽऽ करत फिरतो. व्हायोलिनसारखी ध्वनिछिद्रं याला नाहीत, त्यामुळे आत फोम कोंबायची सोय नाही. स्पीकरच्या बाजूला उभं राहणं आणि ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवणं, एवढंच हातात उरतं. हॉलमध्ये तीच पट्टी साठच्या दशकातला तो आखूड 'ठुप्' देते, ती जरूर वापरा. मिक्सरवर २०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी आणि ७०० ते ८०० ला थोडं वाढवलं की बोल स्पष्ट होतात. मिक्सरवरची बेसची कळ चढवून 'दम' आणायला गेलात तर नुसता गडगडाट उरतो.

पुढच्या पट्टीवर दोन आवाजाची बटणं आणि तीन सरकत्या कळा आहेत. कळांवरच्या नावांवर जाऊ नका, कानाने लावा. 'रिदम' म्हणजे आवाज थोडा खाली, 'सोलो' म्हणजे पूर्ण, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

डावखुऱ्यांसाठी अंग दोन्हीकडून सारखं असल्याने उलटं धरलं तरी विचित्र दिसत नाही, पण नट बदलावा लागतो.

जनरेटरवरच्या कार्यक्रमात बेस आणि माइक यांचं अर्थिंग एकच आहे का, ते आधी पाहा. टेस्टरने माइकची जाळी आणि बेसची तार तपासा. दिवा लागला तर वाजवायला सुरुवात करू नका. तारेवर हात आणि माइकला ओठ लागल्यावर बसणारा झटका जिवावर बेततो.