घरच्या कॅसेटी ब्लू-रेवर, मराठी मेनूसकट: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, नुसते व्हिडिओ जपून ठेवायचे असतील तर या भानगडीत पडू नका. दोन हार्ड डिस्क घ्या, एक घरी ठेवा, एक भावाकडे. मी ब्लू-रेच्या (डीव्हीडीसारखीच, पण जास्त माल मावणारी डिस्क) नादी लागलो तो मेनूसाठी, म्हणजे डिस्क लावल्यावर टीव्हीवर येणाऱ्या बटणांच्या पानासाठी. आधी सगळं पेनड्राइव्हवर भरून आईला दिलं होतं. टीव्हीवर ०००१७, ०००१८ अशी फायलींची रांग बघून तिने पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात ठेवला, तो तिथेच राहिला.

माझा माल म्हणजे २००८ ते २०१२ मधल्या चौदा एचडीव्ही (हाय डेफिनिशन कॅमेऱ्याच्या) कॅसेटी. बहिणीचं लग्न, भाच्याचं बारसं, धाकट्या भावाची मुंज, गावचे गणपती. फायरवायर कार्ड (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुनी सोय) असलेला जुना डेस्कटॉप माळ्यावरून उतरवला. तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तासच लागतो, त्याला इलाज नाही. सुख एवढंच की एचडीव्हीचं १४४० बाय १०८० चं एमपेग-२ चित्र ब्लू-रेला जसंच्या तसं चालतं. परत एन्कोड करायची, म्हणजे दुसऱ्या साच्यात बदलायची गरज नाही, म्हणजे दर्जा तसूभरही उतरत नाही. आवाज मात्र चालत नाही. कॅसेटवर तो एमपेग लेयर-२ असतो, ब्लू-रेसाठी तो एसी-३ या आवाजाच्या प्रकारात बदलून घ्यावा लागतो. हे माहीत नसल्याने पहिली डिस्क मुकी निघाली.

एका कॅसेटचे साधारण १२ जीबी होतात, आणि साधी ब्लू-रे २५ जीबीची. दोन कॅसेटी काठोकाठ बसतात, पण मेनूला जागा उरत नाही. म्हणून आमच्या मामांनी कॅमेरा बंद करायला विसरून काढलेलं मांडवातल्या सतरंजीचं अकरा मिनिटांचं शूटिंग कापावं लागलं.

आता मेनू. मी एक विकतचं सॉफ्टवेअर घेतलं, नाव लिहीत नाही. इंग्रजीत झकास चालतं. मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. ‘विवाह’चा ‘वविाह’ झाला. दोन आठवडे फॉन्ट बदलून पाहिले. दोष फॉन्टचा नव्हताच, अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनचा होता. शेवटी सगळी शीर्षकं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली, मागची बाजू पारदर्शक असलेल्या चित्रफायली (पीएनजी) काढल्या आणि बटणं म्हणून तीच चित्रं लावली. तेव्हापासून एकही अक्षर फुटलेलं नाही.

ब्लू-रेच्या प्रत्येक बटणाच्या तीन अवस्था असतात: नुसतं असलेलं, रिमोटने त्यावर आलो तेव्हाचं आणि ओके दाबल्यावरचं. लग्नाच्या मेनूला मागे झेंडूच्या तोरणाचं चित्र आणि निवडलेल्या बटणाला पिवळा रंग, असा प्रताप मी केला. मॉनिटरवर छान दिसलं. टीव्हीवर आई विचारते, “अरे, मी आता नक्की कुठे आहे?” आता निवडलेल्या बटणाला जाड पांढरी चौकट देतो आणि मागचं चित्र गडद करतो.

दुसरी गोष्ट, वर-खाली-डावी-उजवी ही चारही शेजारं प्रत्येक बटणाला हाताने तपासा. माझ्या नऊ बटणांच्या मेनूत ‘हळद’वरून उजवी दाबली की थेट ‘वरात’वर उडी जात होती. खालची ओळ टीव्हीच्या कडेला कापली जायची ती वेगळीच. कडेपासून दहा टक्के जागा मोकळी सोडा.

पॉप-अप मेनू हा डीव्हीडीत नसलेला प्रकार मात्र पैसे वसूल. व्हिडिओ चालू असतानाच खालून पट्टी वर येते, मंगलाष्टकांवरून थेट पंगतीवर जाता येतं. मेनू नकोच असेल तर पैसे खर्च करू नका. टीएसमक्सर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, चॅप्टरसकट डिस्कचा फोल्डर बनवून देतं, इमेजबर्न या दुसऱ्या सॉफ्टवेअरने तो डिस्कवर राइट करा. फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) यूडीएफ २.५० हवी, एवढं बघा.

कॅसेटींसोबत घालायला घेतलेल्या मोबाइलच्या क्लिपांनी डोकं खाल्लं. त्यांचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मधेच बदलतो, त्यामुळे दहाव्या मिनिटापर्यंत ओठ आणि आवाज यांची फारकत होते. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा फ्रेम रेट करून घेतलं की जमतं. बाकी मोबाइलवाल्यांनी यासाठी डिस्क करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

राइटर यूएसबीवर चालणारा पातळ आहे. लॅपटॉपच्या एका पोर्टच्या विजेवर भागत नाही, ऐंशी टक्क्यांवर राइटिंग तुटलं की डिस्क गेली. दोन तोंडांची केबल लावल्यापासून त्रास नाही. चार एक्सवर (मूळ वेगाच्या चौपट) राइट आणि तपासणी मिळून पाऊण तास. आणि चाचणी कायम बीडी-आरई प्रकारच्या ब्लू-रेवर करा, ती पुसून परत वापरता येते. त्याही आधी कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये फोल्डर उघडून मेनू फिरवून बघा. मला हे चार डिस्क वाया गेल्यावर सुचलं. त्या आता गॅलरीत दोऱ्याला लटकताहेत. कबुतरं दोन दिवस घाबरली, आता शेजारीच बसतात.

कोऱ्या डिस्का मिळणं हीच पुढची चिंता. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या बनवणं थांबवलं. दुकानात विचारलं तर मुलगा आतून डीव्हीडीचं खोकं घेऊन आला. मी ऑनलाइन दोन पॅक आणून कपाटात उभे ठेवलेत, उन्हापासून लांब.

नऊ कॅसेटी झाल्या, पाच उरल्यात. आई रिमोट हातात घेऊन स्वतः ‘मुंज’ लावते, भिक्षावळीपर्यंत पोचते. मागच्या रविवारी म्हणाली, त्यात तुझ्या बाबांनी पाहुण्यांचे आभार मानले तेवढ्याला वेगळं बटण कर. राइट केलेल्या बीडी-आरमध्ये (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे) आता काही घालता येत नाही, तेव्हा ती डिस्क पुन्हा पहिल्यापासून करायला घेतलीय.