पिशवीवर बीडीएन 711, रानात भलतीच तूर

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात माझी तीन एकर मध्यम प्रतीची कोरडवाहू जमीन आहे. अशा रानात लांब मुदतीची तूर लावली, की दाणे भरण्याच्या वेळेस जमिनीतली ओल संपते, म्हणून गेल्या खरिपात मी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा, 150 ते 155 दिवसांत येणारा, पांढऱ्या दाण्याचा बीडीएन 711 हा वाण ठरवला होता. वाण निवडण्यात माझी चूक झाली नाही. चूक झाली ती बियाणे घेताना.

पाऊस पडून गेला आणि दुकानातले बियाणे संपल्याचे कळले, त्याच आठवड्याच्या बाजारात एक अनोळखी माणूस जीपमधून पाच-पाच किलोच्या पिशव्या विकत होता. "पावती पाहिजे तर भाव वाढेल दादा, माल तोच आहे," असे तो म्हणाला आणि मी पावतीशिवाय तीन पिशव्या घेतल्या. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो एवढे मला ठाऊक होते आणि तो शिवलेला दिसत होता. त्यावर लॉट क्रमांक, परीक्षणाची तारीख आणि अधिकाऱ्याची सही आहे का, हे वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, जाईल या घाईत मी वाचलेच नाही.

उगवण उत्तम झाली, त्यामुळे शंका यायला ऑक्टोबर उजाडला. काही झाडे फुलावर आली, काही नुसतीच वाढत राहिली. शेजारच्या रानात शेंगा वाळून खुळखुळू लागल्या, तेव्हा माझी निम्मी तूर फुलोऱ्यातच होती आणि ओल तुटल्याने ती फुले पुढे गळून गेली. एका झाडाची शेंग सोलली तर दाणे पांढरे, त्याच ओळीतल्या दुसऱ्या झाडाची सोलली तर तांबडे. काढणी दोनदा करावी लागली, मजुरी दुप्पट गेली, आणि आडत्याने मूठभर तूर तळहातावर पसरून "मिसळ आहे" एवढेच म्हणत भाव पाडला.

तक्रार करायला गेलो तेव्हा पंचायत समितीतील कृषी अधिकाऱ्यांनी पावती, टॅगसह पिशवी आणि थोडे शिल्लक बियाणे मागितले. तालुक्याची तक्रार निवारण समिती रानात येऊन पंचनामा करते, परंतु तो उभ्या पिकात व्हावा लागतो, आणि मला तर विक्रेत्याचे नावही सांगता येत नव्हते. एक पिशवी आईने शेंगदाणे भरायला ठेवली होती. ती उजेडात धरली, तर शिलाईच्या वर जुन्या टाक्यांच्या भोकांची दुसरी ओळ स्पष्ट दिसली. पिशवी एकदा उसवून पुन्हा शिवलेली होती.

यंदा परवानाधारक दुकानातून घेतलेल्या पिशवीवरचा लॉट क्रमांक पावतीवर लिहून घेतला. पिशवी खालच्या बाजूने फोडली, 100 दाणे ओल्या गोणपाटात उगवायला ठेवून 75 पेक्षा जास्त उगवल्यावरच पेरणी केली, आणि वरचा टॅग तसाच शिवलेला ठेवून, आत मूठभर बियाणे राखून, ती पिशवी पावतीसह पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे.