पर्यटन प्रशिक्षणासाठी पाठबळ: आधी जिल्ह्याकडे जावं की ग्रामसभेकडे?

घरगुती निवास चालवणाऱ्या बायका, होडीवाले, किल्ला दाखवणारी मुलं यांना नीट शिकवायला हवं, हे आता आमच्या किनाऱ्यावर कोणाला पटवावं लागत नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि पाहुण्यांचे प्रश्नही वाढले. अडतं ते पुढच्या पायरीवर. पाठबळ मागायला पहिल्यांदा कोणाकडे जायचं? मी दोन्हीकडे गेलो आहे, म्हणून जे अनुभवलं ते लिहितो. तुमच्या गावाचा अनुभव वेगळा असू शकतो.

जिल्ह्याची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. तिथे विषय मंजूर झाला की बाहेरून चांगले प्रशिक्षक येतात, प्रमाणपत्र मिळतं, शेजारची गावंही सामील होतात. आम्हाला भेटलेले बहुतेक अधिकारी मनापासून ऐकून घेणारे होते. बदल्या होतात, नव्या साहेबांना पुन्हा सगळं समजावून सांगावं लागतं, पण हे धरूनच चालायचं असतं. त्याची मला फारशी तक्रार नाही.

माझी तक्रार मार्च महिन्याची आहे.

आम्ही प्रस्ताव पावसाळ्यात दिला होता. छाननी झाली, मंजुरी मिळाली, निधी मात्र हातात आला तो आर्थिक वर्ष सरत आल्यावर, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवणं भाग होतं. आता मार्चमधलं किनाऱ्यावरचं गाव डोळ्यांसमोर आणा. शिमगा असतो, शनिवार-रविवारी खोल्या भरलेल्या असतात, होडीवाले सकाळपासून पाण्यात. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तीच बाई दारातून म्हणाली, "पावणे घरात आसत, मी टरेनिंगाक कशी येव?" तिचं काय चुकलं? वर्ष ज्या महिन्यांच्या कमाईवर काढायचं, त्याच महिन्यात तिला आम्ही दिवसभर खुर्चीत बसायला सांगत होतो. शेवटी हजेरीपत्रकावर सह्या भरल्या त्या घरात मोकळ्या असलेल्या माणसांच्या: आजोबा, बारावीची परीक्षा संपलेली मुलं, ज्यांच्याकडे एकही पाहुणा उतरत नाही अशी घरं. प्रशिक्षक उत्तम होते, जेवण चांगलं होतं, फोटोही निघाले. पण पाहुण्याला अंथरूण कसं द्यावं, बिल कसं करावं, मासे नसतील त्या दिवशी काय सांगावं, हे जिला शिकायचं होतं ती चुलीपाशीच राहिली. मला हे फार लागलं. माझं मन ग्रामसभेकडे वळलं ते यामुळे.

ग्रामसभेकडे पैसा थोडा असतो, हे आधीच मान्य करायला हवं. पंधराव्या वित्त आयोगाने ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता, आणि उरलेल्या ४० टक्क्यांवर गावातल्या प्रत्येक रस्त्याचा डोळा असायचा. शिवाय वाड्यावाड्यांची चढाओढ असते, भावकी असते, सरपंचांच्या गटाचा की विरोधी गटाचा हा प्रश्न असतो. आम्ही पैशाचा विषय आधी काढलाच नाही. मागितल्या तीन गोष्टी: ग्रामपंचायतीचं सभागृह, ठराव आणि तारीख. यांना नाही म्हणायला कोणाकडे फारसं कारण नसतं. पाहुण्यांनी लिहिलेल्या तक्रारी सरपंचांना नावं झाकून वाचून दाखवल्या, तेव्हा ते स्वतःच म्हणाले की हा एका घराचा विषय नाही, गावाच्या नावाचा आहे. आणि ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विषय मांडला, हे आमच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाचं ठरलं. तिथे बायकांनी वेळसुद्धा ठरवून दिली, दुपारची जेवणं उरकल्यानंतरची.

तारीख गावाच्या हातात आली की चित्र पालटतं. लावणी आटोपलेली असते, गणपतीला चाकरमानी यायचे असतात, जलक्रीडा ३१ ऑगस्टपर्यंत बंद. श्रावणातल्या या मोकळ्या दिवसांत शिकायला येणारी माणसं खरोखर तीच असतात, जी दिवाळीपासून पाहुणे सांभाळणार असतात. आमच्याकडे पहिल्या वेळी प्रशिक्षक म्हणून शेजारच्या गावातली अनुभवी यजमानीणच बोलावली. प्रमाणपत्र कोणालाच मिळालं नाही. पण त्या हंगामात खोल्यांचं आणि जेवणाचं बोलणं आधी स्पष्ट होऊ लागलं, निघताना बिलावरून होणारी कुरबूर कमी झाली असं मला तरी जाणवलं.

जिल्ह्याचा रस्ता सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पाण्यातल्या सुरक्षिततेच्या बाबतीत तर मुळीच नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. जीवरक्षण, प्रथमोपचार, बोट चालवणं हे मान्यताप्राप्त प्रशिक्षकांकडूनच शिकायला हवं, आणि ते गावाच्या ऐपतीबाहेरचं आहे. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात, त्यामागेही वरून आलेल्या प्रकल्पाचं बळ होतं. उलट मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं उदाहरण घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांच्या संवर्धनाचं काम धरलं, आणि पुढे कासव पाहायला येणाऱ्यांसाठी गावाने आपली घरं उघडली. दोन्हीकडे जाऊन या, जमल्यास सरपंचांना बरोबर घेऊन. माझ्या बोलण्यापेक्षा तिथलं एक जेवण त्यांना जास्त पटेल.

आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, आधी ग्रामसभा, मग तोच ठराव जोडून जिल्ह्याकडे प्रस्ताव, आणि प्रस्तावात स्पष्ट ओळ की प्रशिक्षण ऑगस्टमध्येच व्हावं. सरपंच बदलले तरी ठराव इतिवृत्तात राहतो. पुढच्या वर्षीचा खर्च गावाच्या विकास आराखड्यात घालायचा असेल तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून मागे लागा. याच वर्षी श्रावण साधायचा असेल तर १ मेची सभा धरा, आणि एप्रिल उजाडताच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेत नाव लावून घ्या. विषय 'आयत्या वेळचे विषय' मध्ये गेला, तर तो निघेपर्यंत निम्मी माणसं पाहुण्यांच्या जेवणासाठी घरी गेलेली असतात.