हेराल्डच्या डॅशबोर्डवरचा खोटा काटा

जुन्या गाडीसाठी मीटरांचे नवे पॅनल बनवून देतो असे सांगून एका कारागिराने माझ्याकडून 62,000 रुपये आणि गाडीचा मूळ स्पीडोमीटर घेतला. त्या बदल्यात जे पॅनल हाती आले, त्यातील एक काटा काहीच मोजत नव्हता. तो मोजतो आहे असे केवळ भासवले गेले होते. पुण्या-मुंबईत जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे पुष्कळ लोक आहेत आणि हा मनुष्य अजूनही कामे घेतो असे कळते, म्हणून सारा प्रकार तपशिलाने लिहीत आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

गाडी 1966 सालची स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची ही मद्रासला तयार होणारी आवृत्ती. 948 सीसीचे इंजिन, वेगळी चॅसी आणि संपूर्ण पुढचा भाग उचलून उघडणारे बॉनेट. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एकच मोठी गोल तबकडी होती, तिच्यातच पेट्रोलचा काटा आणि ऑइल प्रेशर व चार्जिंगचे दोन इशारादिवे. इंजिनाचे तापमान किंवा ऑइलचा दाब आकड्यांत दाखवणारे काहीच नव्हते. जुने इंजिन घेऊन घाट चढायचा, तर ही माहिती डोळ्यांसमोर असणे सोयीचे असते. म्हणून सागवानी विनियरचे (वरून लाकडाचा पातळ थर चिकटवलेले) एक पॅनल करावे, मधोमध मूळ स्पीडोमीटर ठेवावा आणि बाजूला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ऑइल प्रेशर, तापमान, पेट्रोल आणि अँपिअर असे पाच मीटर बसवावेत, असे ठरवले.

हा कारागीर ओळखीतूनच कळला. त्याने व्हॉट्सअॅपवर आपल्या कामाची म्हणून जी छायाचित्रे पाठवली, ती अप्रतिम होती. (त्यांतली निदान दोन परदेशी विक्रेत्यांच्या पानांवरून उचललेली होती, हे पुढे शोध घेतल्यावर दिसले. छायाचित्रावरून उलटा शोध घेण्याची सोय मोबाईलवर असते. ती काम देण्याआधीच वापरावी.) "साहेब, सगळे जुने स्मिथ्स पीस आहेत, गोदामात पडून राहिलेले, वापर शून्य," असे त्याने सांगितले. (स्मिथ्स म्हणजे गाड्यांचे मीटर बनवणारी इंग्लंडची कंपनी.) भोकाचे माप आणि केबलची जोडणी जुळवण्यासाठी मूळ स्पीडोमीटर हवा, असेही तो म्हणाला. मागणी वाजवी वाटण्यासारखीच होती, कारण पॅनल कापताना मीटर हाताशी नसेल तर काम खरोखरच अडते. फसवणुकीचे मर्म मात्र याच मागणीत दडलेले होते.

पॅनल आले तेव्हा घरातले सगळे खूश झाले. विनियरची नक्षी दोन्ही बाजूंना जुळवलेली, क्रोमच्या कडा चकचकीत, रात्री तबकड्यांवर मंद हिरवट उजेड. वरून कीर्तन, आतून तमाशा असा तो मामला होता, पण तो उघड व्हायला एक साधी गोष्ट पुरेशी ठरली. किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू होण्याआधीच ऑइल प्रेशरचा काटा उठून पन्नासावर जाऊन बसला. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद. मग दाब आला कुठून? इंजिन सुरू केले, रेस केले, गरम होऊ दिले, तरी काटा तसूभर हलला नाही. खऱ्या मीटरमध्ये थंड इंजिनाला दाब जास्त दिसतो आणि ऑइल तापून पातळ झाले, की तो उतरतो.

पॅनल बाहेर काढून मागे पाहिले. इंजिनावरच्या सेन्सरकडे जाणारी तार त्या मीटरला जोडलेलीच नव्हती. ज्या टोकाला ती यायला हवी, तेथून एक छोटा रेझिस्टर (विजेला ठरावीक रोध करणारा भाग) थेट अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, डाग देऊन जोडला होता आणि वर काळी टेप गुंडाळली होती. असा मीटर सेन्सरच्या बदलत्या रोधावर चालतो. रोधच कायमचा ठरवून दिला, तर काटाही कायमचा तेथेच राहतो, आणि तो "निरोगी" जागी राहावा असाच रेझिस्टर निवडलेला होता. हलगर्जीपणाने तार सुटली असती तर काटा शून्यावर किंवा टोकाला गेला असता. पन्नासाच्या आकड्यावर तो आपोआप जात नाही. शिवाय जुना लाल इशारादिवा नव्या पॅनलमध्ये जोडलेलाच नव्हता. ऑइल खरोखर संपले असते, तर बेअरिंगे जळेपर्यंत आम्हाला पत्ता लागला नसता. पैशांपेक्षा मला याचीच चीड अधिक आली.

बाकीच्या मीटरांची कथा थोडक्यात सांगतो. आरपीएम मीटर सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी लावलेला होता. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, सहाच्या इंजिनात तीन. त्यामुळे 3000 आरपीएमला तो 2000 दाखवत असे. पेट्रोलचा काटा उलटा चालत होता, म्हणजे टाकी भरली की रिझर्व्ह. युरोपीय पद्धतीच्या काही मीटरांना रिकाम्या टाकीचा 10 आणि भरलेलीचा 180 ओहम रोध लागतो, तर अमेरिकी पद्धतीत रिकामीचा 240 आणि भरलेलीचा 33. टाकीतला फ्लोट (पेट्रोलच्या पातळीप्रमाणे रोध बदलणारा) एका जातीचा आणि मीटर दुसऱ्या जातीचा असला, की हेच होते. अँपिअर मीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह जातो, आणि तेथे घरातल्या बेलला शोभेल इतकी बारीक तार वापरलेली होती. तबकड्यांवरील नाव भिंगातून पाहिले, तर अक्षरांच्या कडांना प्रिंटरचे ठिपके दिसत होते.

आता मूळ स्पीडोमीटर. तबकडी आमचीच होती, कारण तिच्यावरचा एक जुना ओरखडा मला पाठ आहे. परंतु मोबाईलच्या जीपीएसशी ताडून पाहता 60 च्या वेगाला काटा 45 दाखवी, 40 ला 30 आणि 20 ला 15. काटा नुसता जागेवरून सरकला, तर चूक अशी प्रत्येक वेगाला त्याच प्रमाणात राहणे अवघड. ती तशी राहते तेव्हा आतल्या यंत्राचे गुणोत्तरच वेगळे आहे का, हे आधी पाहावे. केबलने फिरणारे लोहचुंबक आणि त्याच्याभोवतीचा अॅल्युमिनियमचा कप यांच्यावर हा मीटर चालतो, आणि मैलाला केबलचे किती फेरे हा आकडा स्मिथ्सच्या तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. नाना पेठेतल्या एका जाणत्या मीटर दुरुस्त करणाऱ्या काकांनी माझ्यासमोर मीटरची कडी (काच धरून ठेवणारी बाहेरची गोल रिंग) उघडली. कडीचे कान पकडीने ताजेच वाकवलेले होते आणि तबकडी धरणाऱ्या स्क्रूंसाठी आतल्या पट्टीवर नवी भोके पाडलेली होती. काका एवढेच म्हणाले, "तबकडी हेराल्डची आहे, मशीन कुठल्या तरी टेम्पोचं आहे." माझ्या आधीच्या छायाचित्रात दिसणारा ओडोमीटरचा (गाडी एकूण किती धावली त्याचा) आकडा आणि परत आलेला आकडा यांतही हजारो किलोमीटरची तफावत होती.

थोडक्यात, मूळ यंत्र काढून विकले गेले किंवा दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या गाडीत बसवले गेले. बनावट मीटरांचे पैसे बुडाले तरी ते पुन्हा जमवता येतात. हेराल्डचा चालू स्थितीतला मूळ स्पीडोमीटर आता जुन्या बाजारातही सहजासहजी मिळत नाही, आणि कारागिराला हे पुरते ठाऊक होते.

जाब विचारल्यावर आधी उडवाउडवीची उत्तरे आली, मग तुमच्या इलेक्ट्रिशियननेच काहीतरी केले असेल असा उलटा आरोप, आणि शेवटी फोन उचलणे बंद. वकिलामार्फत स्पीड पोस्टने नोटीस गेल्यावर 15,000 रुपये परत आले. स्पीडोमीटरबद्दल मात्र ताकास तूर लागू दिलेला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर विकणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हेगारी विश्वासघात ठरू शकतो, म्हणून पोलिसांकडेही स्वतंत्र अर्ज दिला आहे.

आमच्या वकिलांच्या मते या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडले ते मीटर देण्यापूर्वी काढलेले फोटो. कोणाला असे काम द्यायचेच असेल, तर तबकडी, ओडोमीटरचा आकडा, मागच्या बाजूचा शिक्का आणि कडीचे कान यांचे जवळून फोटो काढून त्याच दिवशी कारागिराला पाठवावेत आणि "हीच वस्तू मिळाली" असे त्याच्याकडून लिहून घ्यावे. आतल्या पट्टीवर, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, एक बारीक खूण कोरून ठेवता आली तर फारच चांगले. भोकाच्या मापासाठी मीटर द्यायची गरजच नसते. जाड पुठ्ठ्याचा साचा कापून दिला, तरी पॅनल अचूक बनते. आणि पॅनल ताब्यात घेताना उरलेले पैसे देण्याआधी किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आहे की नाही ते पाहावे.