स्वर्व्ह मॉड्यूल, एका हंगामानंतर: मोटर ठणठणीत, मॅग्नेटने घाम फोडला

रोबोकॉन या रोबो-स्पर्धेसाठी वर्कशॉपमध्येच बनवलेल्या चार स्वर्व्ह मॉड्यूलचा, म्हणजे फिरणारं आणि स्वतःची दिशाही बदलणारं चाक असलेल्या जोडणीचा, हा हंगामभराचा हिशेब. रचना ओळखीचीच आहे: चाकाला डीजेआयची एम3508 मोटर, दिशेला एम2006 मोटर, 100 मिमी चाक, 1:1 बेव्हल (काटकोनात फिरणं वळवणारे गिअर), दिशेसाठी 1:2 बेल्ट, वर-खाली 6810 बेअरिंगची जोडी. एकाच 6810 वर भागवायला जाऊ नका, चाक कलंडतं आणि बेव्हल दात खातं. बिनभाराच्या 482 आरपीएमवर वेग 2.5 मी/से निघतो, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो. मोटरबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती 6 मिमीच्या मॅग्नेटबद्दल. एम2006 चा एन्कोडर (फिरण्याचा कोन मोजणारा भाग) 36:1 गिअरबॉक्सच्या अलीकडे, रोटरवर असतो. त्यामुळे वीज दिल्यावर चाकाचं तोंड कुठे आहे हे मोटरला ठाऊकच नसतं. ते सांगायला एएस5600 हा चुंबकीय कोन-सेन्सर आहे, आणि त्याचं सगळं गणित त्या मॅग्नेटवर. तो होल्डरमध्ये पाच अंश जरी सरकला तरी एक चाक तिरकं धावतं, रोबो सरळ जाताना एका बाजूला ओढतो आणि मोटर उगाच तापते. मग सगळे पीआयडीच्या, म्हणजे मोटर नियंत्रणाच्या कोडमधल्या आकड्यांच्या, मागे लागतात!

पहिली फसवणूक खरेदीतच होते. मॅग्नेट व्यासाच्या दिशेने चुंबकित हवा. पाकिटावर तसं लिहून विक्रेते सर्रास साधा, जाडीच्या दिशेने चुंबकित केलेला पाठवतात. दोन मॅग्नेट एकमेकांवर ठेवून वरचा फिरवा. साधा असेल तर सुरळीत फिरतो, योग्य असेल तर अडतो आणि झटक्याने जागेवर येतो. पैसे वाचवायचे तर बाकी कुठेही वाचवा, इथे चार जास्तीचेच मागवा.

दुसरी चूक चिकटवण्यात. लोखंडी बोल्टच्या टोकावर लावला की क्षेत्र लोखंडातच वळतं, सेन्सरपर्यंत कमी पोचतं. ॲल्युमिनियम किंवा पितळेचा होल्डर घ्या. फेविक्विक कंपनांनी तडकतो. निकेलचा थर पॉलिश पेपरने खरवडून दोन घटकांचा इपॉक्सी लावा, रात्रभर सुकू द्या, मग मॅग्नेट आणि होल्डरवरून एक रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की निदान झालं. मॅग्नेट मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत हवा. नाहीतर काही कोनांना वाचन बरोबर येतं आणि काहींना चुकतं, म्हणून 0, 90, 180, 270 चारही ठिकाणी तपासा. मॅग्नेट आणि सेन्सरमधलं अंतर 0.5 ते 3 मिमी. 3.3 व्होल्टवर एजीसी (क्षेत्र कमी-जास्त असेल तसा सेन्सर आपोआप बदलतो तो आकडा) 0 ते 128 मध्ये फिरतो, तो 64 च्या आसपास आला की अंतर जमलं.

स्वस्त सेन्सर बोर्डांवर डीआयआर पिन (कोन कोणत्या दिशेने वाढतो ते ठरवणारी) मोकळीच असते, ती ग्राउंडला जोडा. आयटूसी, म्हणजे सेन्सर आणि कंट्रोलरमधला दोन तारांचा संवाद, त्यावर चारही सेन्सरचा पत्ता एकच, 0x36. एका वेळी एकच सेन्सर जोडणारा मल्टिप्लेक्सर लावा किंवा ॲनालॉग आउटपुट घ्या. मोटरच्या केबलशेजारून आयटूसीची लांब तार नेऊ नका.

बेल्टबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला ढिलाईमुळे चाक लक्ष्याभोवती थरथरत राहायचं आणि गिअरच हवेत असं वाटायचं. मोटरच्या भोकांना 4 मिमीच्या खाचा देऊन ताण बसवल्यावर ते थांबलं. आता गिअरवर खर्च करणार नाही. फक्त सेन्सर बेल्टवर ठेवू नका. एम3508 मुळे दिशेच्या अक्षावर जागा नसतेच, म्हणून बाजूला वेगळी 1:1 गिअरजोडी, दोन्हींना 72 दात. भार नसल्याने थ्रीडी प्रिंटरवर छापलेली पीईटीजी प्लास्टिकची चालते. मग बेल्टने दात सोडला तरी शून्य हरवत नाही.

कोडमध्ये दोन गोष्टी विसरू नका. दिशा फिरताना बेव्हलमुळे चाकही फिरतं, त्याची भरपाई चाकाच्या मोटरला द्या. आणि 90 अंशांपेक्षा जास्त वळायचं असेल तर चाक उलटं फिरवा. शून्य लावताना दोन-दोन चाकांना लांब ॲल्युमिनियम पट्टी टेकवा आणि चारही बेव्हल एकाच बाजूला आहेत ना ते बघा, नाहीतर एक चाक उरलेल्या तिघांशी भांडत राहतं.

सुटे भाग म्हणून मॅग्नेट आधीच चिकटवलेले दोन सेन्सर गिअर डब्यात ठेवा. सामन्याच्या मध्ये इपॉक्सी सुकत नाही. गिअर बदलला की त्या मॉड्यूलचा ऑफसेट, म्हणजे चाक सरळ असतानाचं सेन्सरचं वाचन, तेवढा नव्याने घ्यायचा.