ड्रोसोफिला किट : क्रॉस उलटा लावून पाहा, तरच पैसे वसूल

चोपड्यात बी.एस्सी.च्या पोरांना प्राणीशास्त्र शिकवते. लिंगसंलग्न (लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच्या) गुणांचा वारसा फळ्यावर चौकटी आखून शिकवला की पोरांचा पाठ होतो, पण त्यांना पटत नाही. म्हणून दिवाळीनंतर ड्रोसोफिलाचं, म्हणजे फळमाशीचं, हे किट मागवलं. लाल डोळ्यांचा, पांढऱ्या डोळ्यांचा आणि खुरट्या पंखांचा असे तीन वाण, बाटल्या, ब्रश, भिंग.

माशा जिवंत पोचल्या आणि वाण शुद्ध निघाले, याला पैकीच्या पैकी गुण. तक्रार आहे ती पुस्तिकेबद्दल. तिच्यात लाल मादी आणि पांढरा नर एवढाच क्रॉस (संकर) दिलाय. पहिल्या पिढीत सगळे लाल, दुसरीत ३:१. खुरट्या पंखांचंही प्रमाण तेच, मग लिंगसंलग्न आणि साध्या गुणातला फरक पोरांना कळायचा कुठून? आम्ही पांढरी मादी घेऊन लाल नराशी क्रॉस लावला. दहा-बारा दिवसांनी माशा भिंगाखाली घेतल्या तर माद्या लाल डोळ्यांच्या, नर पांढऱ्या डोळ्यांचे. एक पोरगा ओरडलाच, "मॅडम, धवया डोयाना बठ्ठा नरच शेतस!" डोळ्यांच्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि नराला ते फक्त आईकडून मिळतं, हे मग वेगळं समजवावं लागलं नाही. पंखांचा जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर, त्यामुळे तो क्रॉस उलटा केला तरी पहिल्या पिढीत सगळ्यांचे पंख लांबच.

पुस्तिकेतल्या क्रॉसच्या दुसऱ्या पिढीत पांढरे नर हिशेबापेक्षा कमी भरले तर किटला दोष देऊ नका. हाच क्रॉस करणाऱ्या जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनच्या १९१० च्या मोजणीतही २४५९ लाल माद्या, १०११ लाल नर आणि पांढरे नर ७८२च होते. पांढऱ्या डोळ्यांच्या माशा जरा नाजूकच असतात.

कुमारी मादी ओळखण्यावर पुस्तिकेत एकच ओळ आहे, तिथे खरं तर अख्खं पान हवं होतं. कोषातून निघाल्यापासून आठ तासांच्या आत वेगळी करायची. अंग फिकट, पोटावर काळसर ठिपका. इथे चुकलं की सगळी आकडेमोड फुकट.

सोबतच्या तयार खाद्याला आमच्याकडे बुरशी आली. रवा, गूळ, अगर शिजवून त्यात थोडं प्रोपिऑनिक आम्ल घातलं, ते टिकलं.

उन्हाळ्यात मात्र मागवू नका. तापमान तिशीच्या वर राहिलं तरी नर नापीक होऊ लागतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. दिवाळी ते शिवरात्र, एवढ्यात दोन्ही पिढ्या आरामात होतात.